पहाटेची गोळी

महानंदाचं लग्न तिच्या सख्ख्या धाकट्या मामाशी झालं. त्यामुळं सासर म्हणून तिला वेगळं काही वाटलंच नाही. हुलसूरचं ते घर तिचं आजोळच होतं. तिची आई भागम्मा दर उन्हाळ्यात तिला जनवाड्याहून इथं आणून सोडायची. लग्नानंतर जड गेलं ते एवढंच, की ज्याला जन्मभर ‘मामा’ म्हटलं त्याला आता काय म्हणायचं. माणिकप्पा हसून म्हणायचा, “काहीच म्हणू नको. नुसतं खाकर, मी वळून बघतो.” आणि सासू म्हणजे तर आज्जीच, नागव्वा. तिनं महानंदाला मांडीवर घेऊन न्हाऊ घातलं होतं. माणिकप्पाचं बाजारात किराणा-भुसाराचं दुकान होतं. घर खाऊनपिऊन सुखी होतं.

ऐंशी सालच्या शिवरात्रीनंतरच्या अमावास्येला भर दुपारी सूर्य झाकोळला. चिमण्या झाडाकडे वळल्या, सगळं गाव दारं लावून बसलं. महानंदा तेव्हा पोटुशी होती. नागव्वानं तिला आतल्या खोलीत बसवून ठेवलं होतं. पण वासरू दावं तोडून पळालं, आणि ते धरायला ती अंगणात आली. पळभरच आली असेल. नागव्वानं ते पाहिलं.

उन्हाळ्यात मुलगा झाला. आजोबाचं नाव ठेवलं, बंडेप्पा. गुबगुबीत, गोरटं बाळ. रडत नसे. पाजायलासुद्धा उठवावं लागायचं. आळीतल्या बायका म्हणायच्या, नशीबवान आहेस गं, आमची रात्र रात्र जागवतात. पण सहा महिने झाले तरी बाळ मान धरेना, वर्ष झालं तरी बसेना. जीभ तोंडाबाहेर राहायची. भर वैशाखातही अंग गार आणि कातडी खरबरीत लागायची. चार-चार दिवस शौचाला व्हायचं नाही, पोट फुगून बेंबी वर यायची. तीन वर्षांचा होत आला तरी तो उभा राहिला नव्हता, की आईला ‘अव्वा’ म्हणाला नव्हता. आणि आता गळ्यावर पुढच्या बाजूला लिंबाएवढा फुगवटा दिसायला लागला होता.

त्यांनी करायचं तेवढं केलं. बसवकल्याणच्या डॉक्टरनं ताकदीचं औषध दिलं. हुमनाबादच्या वीरभद्राला अभिषेक झाला. कुणीतरी सांगितलं म्हणून गाणगापूरलाही जाऊन आले. तिथं संगमावर महानंदा लेकराला मांडीवर घेऊन बसली होती, तेव्हा शेजारच्या एका बाईनं विचारलं, “बाळाला कितवा महिना चालूय?” महानंदानं पदर लेकराच्या तोंडावर ओढला.

घरी नागव्वा उघड भांडत नसे, पण बोलत राहायची. ज्वारी निवडता निवडता, कुणाला सांगते आहे ते कळू न देता. “मी बाहेर येऊ नको म्हणलं होतं. ऐकायचं न्हाई म्हणजे न्हाईच.” कधी रोख जनवाड्याकडे वळायचा, महानंदाच्या बापाकडे. “जगदेवप्पाच्या घराण्यातच काहीतरी असंल. आमच्यात असं कुणाला न्हाई.” हे ऐकलं की महानंदा उठून परसात जायची. आज्जी परकी असती तर तिचा राग तरी करता आला असता.

त्र्याऐंशीच्या मार्चात गुलबर्ग्याहून एक डॉक्टरीण गावात आली. सुमती भालकीकर. वय तिशीच्या थोडं पुढं, उन्हानं रापलेला चेहरा, खांद्यावर कापडी झोळी. तिचे वडील नरहरराव निजामाच्या काळात उर्दूत शिकून पुढं भालकीत मास्तर झाले होते. घरात मराठी, दारात कानडी आणि बाजारात दखनी बोलतच ती वाढली होती. मेडिकल कॉलेजात ती शिकवायची आणि गलगंडावर संशोधन करायची. गलगंड म्हणजे गळ्याच्या पुढं फुलपाखरासारखी असते ती थायरॉइडची ग्रंथी सुजणं. हा रोग हिमालयाकडच्या डोंगराळ भागातला, तिथल्या पाण्यात-मिठात आयोडीन नसतं म्हणून होतो, असं सगळे मानत. बिदर आणि गुलबर्गा जिल्ह्यांत तो कशाला असेल? पण सुमतीबाईला दवाखान्यात अधूनमधून अशी मुलं दिसायची, आणि ती सगळी मोजक्याच गावांची असायची. तिचे प्राध्यापक म्हणाले, “पाणी तपासा, मीठ तपासा. तिथंच सापडेल.” म्हणून ती गावोगाव विहिरींचं पाणी बाटल्यांत आणि दुकानांतलं मीठ पुड्यांत भरून घेत हिंडत होती.

तशीच ती माणिकप्पाच्या दुकानात आली.

“मूठभर खडं मीठ द्या,” ती म्हणाली. “खायला नाही, तपासायला.”

“मिठात काय तपासायलात बाई?” माणिकप्पानं हसत विचारलं आणि पोत्यात हात घातला.

पण बाईचं लक्ष मिठाकडे नव्हतं. गादीच्या कडेला पोत्याला टेकवून बंडेप्पाला बसवलं होतं. ती चपला काढून वर आली, त्याच्यासमोर गुडघ्यावर बसली. त्याचा हात हातात घेतला, मग दोन बोटं हळूच गळ्यावर ठेवली.

“किती महिन्यांचा?”

“तीन वर्सं व्हत आली,” माणिकप्पा खाली बघत म्हणाला.

बाईनं चपला पायांत सरकवल्या. “याच्या आईला भेटायचंय. आत्ताच.”

घरी नागव्वानं दारातच अडवलं. “लई जणांनी हात लावून बघितलाय. आता बास झालं.” पण महानंदा आतून बाहेर आली होती. सुमतीबाईनं तिला उंबऱ्यावरच विचारायला सुरुवात केली. “दूध ओढताना दमायचा का?” व्हय. “जन्मल्यावर कावीळ बरेच दिवस राहिली?” व्हय, लई दिवस. “आवाज घोगरा?” व्हय. “शौचाला खडा? अंग गार?” प्रत्येक प्रश्नाला महानंदा मान हलवत होती, आणि हलवता हलवता तिचे डोळे भरून आले. तीन वर्षांत इतक्या जणांनी लेकराला पाहिलं होतं, पण न सांगता सगळं ठाऊक असल्यासारखं कुणी विचारलं नव्हतं.

“बाई, तुम्हाला म्हाईत हाय काय झालंय ते?”

“वाटतंय मला. पण रक्त तपासल्याशिवाय नाही सांगणार.”

रक्त म्हटल्यावर नागव्वा उसळली. “एवढ्याशा जिवाचं रगत काढायचं न्हाई!”

“अव्वा,” माणिकप्पा मागून म्हणाला, “माझं आधी काढू दे. मी मेलो तर पोराचं काढायचं न्हाई.” आणि त्यानं बाही वर सरकवली. सुमतीबाईला हसू आलं. त्याचं झालं, महानंदाचं झालं, मग बंडेप्पाचं. बाईनं शेजारच्या दोन घरांतल्या मुलांचंही घेतलं. त्यांची विहीर तीच होती आणि मीठही माणिकप्पाच्याच दुकानातलं. त्या मुलांच्या आया आधी कुरकुरल्या, मग महानंदाकडे बघून तयार झाल्या.

रक्त हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत गेलं. उन्हाळा भरात आल्यावर सुमतीबाई परत आली. तिनं महानंदाला जवळ बसवून घेतलं.

“पाण्यात दोष नाही. मिठात नाही. शेजारची पोरं ठणठणीत आहेत. दोष याच्या गळ्यातल्या ग्रंथीत आहे. ती जो रस तयार करते ना, त्यावर अंगाची वाढ, ऊब, शहाणपण, सगळं चालतं. याची ग्रंथी तो रस करू शकत नाही. धडपडते, म्हणून सुजलीय. पण तोच रस गोळीत मिळतो.”

तिनं झोळीतून लहानशी बाटली काढली. आत बारीक पांढऱ्या गोळ्या होत्या. महानंदा बघतच राहिली. एवढीशी?

“बरा होईल माझा बंड्या?”

सुमतीबाईनं बाटली तिच्या हातात ठेवली. “चालेल. वाढेल. अंग गरम होईल, हसेल, खेळेल. पण डोक्याची खरी वाढ पहिल्या दोन-तीन वर्षांत होते गं. ती वर्षं गेली. जेवढं गेलं तेवढं सगळं परत येईल असं मी तुला खोटं नाही सांगणार. आणि ही गोळी जन्मभर घ्यायची. रोज पहाटे, रिकाम्या पोटी.”

“घेईन,” महानंदा म्हणाली, जणू गोळी तिलाच घ्यायची होती.

महिन्याच्या आत बंडेप्पाचं पोट हलकं झालं. चेहऱ्यावरची सूज उतरली आणि खालून वेगळाच, निमुळता, माणिकप्पासारखा चेहरा निघाला. एक दिवस माणिकप्पा दुकानातून आला, तर पोरगं त्याला बघून खदखदून हसलं. आवाज ऐकून नागव्वा चुलीपुढून उठून आली. दिवाळीच्या सुमारास तो भिंतीला धरून उभा राहिला, आणि थंडीत अंगणात चार पावलं टाकून धपकन बसला. नागव्वानं त्याची दृष्ट काढली.

खरं तर महानंदाला या आनंदात धड हसताही येत नव्हतं. चैत्रातच तिला दिवस गेले होते. पहिले चार महिने तिनं कुणालाच सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. पावसाळ्यात सुमतीबाई बंडेप्पाला बघायला आली, तेव्हा महानंदाच्या हातातलं ताट खाली ठेवून बाईच म्हणाली, “महानंदा, कितवा?”

तेव्हा ती पडवीतच खाली बसली. “पाचवा. बाई, हे बी तसंच व्हईल का?”

नागव्वा जात्याजवळ ज्वारी निवडत बसली होती. तिचे हात थांबले.

सुमतीबाई दोघींना दिसेल अशी बसली. “मला आधी एक सांगा. तुमच्यात असं दुसरं कुणी होतं का? मागच्या पिढीत? गळ्याला गाठ, बुटकं, न बोलणारं?”

“न्हाई,” नागव्वा म्हणाली. “जनवाड्याकडं विचारा.”

“जनवाड्याला जाऊन आले मी. जगदेवप्पांच्या भावकीत घरोघर बसून आले. कुणी नाही.” बाईचा आवाज मऊ होता. “अव्वा, मी दोष शोधायला नाही आले. मला कळलं तर या बाळाचं सांगता येईल, म्हणून विचारतेय.”

नागव्वानं सूप बाजूला सरकवलं.

“माझी धाकटी बहीण होती,” ती म्हणाली. “यल्लम्मा. गळ्याला ही एवढी गाठ. उंचीनं माझ्या कमरेएवढीच राहिली. पाव्हणे आले की तिला मागच्या खोलीत बसवायचे. मी तिला जेवण वाढायला जायची. बोलत न्हव्हती, पण मी गेली की टाळ्या वाजवायची. ताप येऊन गेली.” ती थांबली. “माझी आई सांगायची, तिनं भिक्षेला आलेल्या एका जंगमाला दारातनं माघारी धाडलं होतं, त्याचा तळतळाट लागला. माझ्या पोरांस्नी काही झालं न्हाई, तवा मी म्हणलं सुटलो. आन् मग ह्या पोराची जीभ बघितली.”

महानंदा आज्जीकडे बघत राहिली. तीन वर्षं ज्वारी निवडताना चाललेली ती बडबड कशापोटी होती, ते तिला आता समजत होतं. आज्जी तिच्यावर रागावलेली नव्हती, घाबरलेली होती.

“तळतळाट नाही अव्वा,” सुमतीबाई म्हणाली. “ऐका. अंगातल्या प्रत्येक कामाची शिकवण माणसाला दोनदा मिळते, एक आईकडून, एक बापाकडून. एक चुकली तरी दुसरीवर काम भागतं, माणूस धडधाकट असतो. तुमच्याकडं एक चुकलेली होती. तुम्हाला काही झालं नाही. ती तुमच्याकडून भागम्माकडं गेली, भागम्माकडून महानंदाकडं. आणि तुमच्याकडूनच माणिकप्पाकडं. तेही दोघं धडधाकट. पण बंडेप्पाला आईकडूनही चुकलेलीच आली आणि बापाकडूनही चुकलेलीच. ग्रंथीला रस कसा करायचा हे सांगायला कुणी उरलंच नाही. नात्यात लग्न झालं की अशी गाठ पडायचा संभव वाढतो, एवढंच.”

“म्हणजे गिराणात मी वासरू धरायला बाहेर आले, त्याचं काही न्हाई?” महानंदानं विचारलं.

“ग्रहणाचं काही नाही. वासराला धरलंस ते चांगलं केलंस.”

नागव्वा जमिनीकडे बघत म्हणाली, “आन् माझ्या आईचं?”

“तुमच्या आईचंही काही नाही. ते जंगम आपल्या वाटेनं गेले असतील, दुसऱ्या घरी जेवले असतील.”

नागव्वानं पदरानं तोंड पुसलं. मग डोळे पुसले. मग पुन्हा तोंड पुसलं. “लई वर्सं झाली,” एवढंच म्हणाली ती. मग महानंदाकडे वळून म्हणाली, “पाचवा महिना हाय आन् उकिडवी कामून बसलीस? पाटावर बस.”

येणाऱ्या बाळाला तो आजार असण्याचा संभव चारात एक होता. बाईनं ते लपवलं नाही. पण तिनं आणखी एक सांगितलं. बाळ जन्मल्यावर लगेच टाचेतून रक्ताचे दोन थेंब घेऊन तपासता येतात, आणि आजार असलाच तर पहिल्या आठवड्यातच गोळी सुरू करता येते. “इकडं अजून कुणा बाळाला इतक्या लवकर दिलेली नाही,” ती म्हणाली. “बाहेरच्या देशांत देतात आणि मुलं चांगली वाढतात, असं मी वाचलंय. पाहिलं नाही. तुझ्याच बाळाचं पाहीन.” बाळंतपण बिदरच्या दवाखान्यात करायचं ठरलं.

पण ते तसं झालं नाही. संक्रांत व्हायच्या आधीच एका सकाळी कळा सुरू झाल्या आणि बैलगाडी जोडायलाही वेळ मिळाला नाही. ऊन अंगणात उतरेपर्यंत सुईणीनं मुलगी नागव्वाच्या हातात दिली होती. मुलगी रडली. नागव्वा कान देऊन तो आवाज ऐकत राहिली. घोगरा आहे की खणखणीत, तिला काही ठरवता येईना.

माणिकप्पा धावतच अमृतप्पाच्या आडतीवर गेला. बाजारात फोन तेवढाच होता. गुलबर्ग्याचा ट्रंक कॉल लागेपर्यंत तो उभाच होता. “बाई, झाली. पोरगी. घरीच झाली. आता काय करायचं?”

“काही बिघडलं नाही,” पलीकडून खरखरीत आवाज आला. “मी येते.”

सुमतीबाई दुसऱ्या दिवशी आली, हुमनाबादला बस बदलून, धुळीनं माखलेली. बाळाची टाच कोमट फडक्यानं शेकून तिनं सुई टोचली आणि जाड टिपकागदावर थेंब घेतले. कागद सावलीत वाळवला, पाकिटात घातला. मग तिनं एक गोळी मोडली, चमच्यात चुरली, महानंदाचं दूध थोडं पिळून घेतलं आणि ते बाळाच्या ओठांना लावलं.

“तपासायच्या आधीच?” माणिकप्पानं विचारलं.

“या वयात एकेक दिवस मोलाचा आहे. हिला गरज नाही असं निघालं तर बंद करू, एवढ्यानं काही अपाय होत नाही. पण गरज असेल आणि आपण थांबलो, तर मला झोप लागणार नाही.”

बाळाचं नाव निलम्मा ठेवलं. बारशाची गडबड ओसरली, आणि एका दुपारी आडतीवरून निरोप आला, बाईचा फोन येणार आहे. महानंदा बाळंतीण, पण ती डोक्याला फडकं बांधून स्वतःच गेली. बाळ नागव्वाच्या मांडीवर ठेवलं. अमृतप्पानं आडतीतल्या माणसांना बाहेर पाठवलं आणि तिला खुर्ची दिली. ती बसली नाही.

“महानंदा? ऐक. निलम्माला तेच आहे.”

महानंदानं फोन दोन्ही हातांनी धरला. आडतीतली पोती, काटा, भिंतीवरची दिनदर्शिका, सगळं लांब गेलं. तिला रडू फुटलं.

“महानंदा, अगं रडायलीस कामून?” बाई आता तिच्याच बोलीत बोलत होती. “मी घाबरले असते, गोळी सुरू नसती तर. गोळी तर पहिल्यापासून तिच्या पोटात जायलीय! बंड्याला कळलं तीन वर्षांनी. हिला कळलं महिना भरायच्या आत. समजायलंय का तुला? आपण वेळेत आहोत.”

“वेळेत हाव?”

“वेळेत आहोत.”

महानंदा घरी आली ती रडतच. नागव्वानं तिच्याकडं बघून बाळाला छातीशी धरलं. “हाय का?”

“हाय. पण आज्जी, बाई म्हणल्या आपण वेळेत हाव.”

त्या दिवसापासून गोळीचं काम नागव्वानं स्वतःकडं घेतलं. बाळंतिणीनं पहाटे उठायचं नाही, हे तिचं म्हणणं. कोंबडा आरवला की ती उठायची, हातपाय धुवायची, लिंगपूजेच्या आधी दोन्ही लेकरांची गोळी व्हायची. दुकानातून कोण गुलबर्ग्याला जाणार आहे याची चौकशी ती बाटली अर्धी असतानाच सुरू करायची.

तरी भीती एकदम गेली नाही. थोडी थोडी गेली. निलम्मा दुसऱ्या महिन्यात दिव्याकडे बघून हसली, तेव्हा महानंदा धावत जाऊन शेजारणीला विचारून आली, तुमची कधी हसली होती? मान धरली, तेव्हा पुन्हा विचारून आली. भूक लागली की पोरगी घर डोक्यावर घ्यायची. माणिकप्पा जेवता जेवता घास हातात धरून ते रडणं ऐकत बसायचा. “लेकरू रडायलंय आन् तुम्ही काय ऐकत बसलाव?” महानंदा म्हणायची. तो म्हणायचा, “थोडं ऐकू दे की.” वर्षाच्या आत ती चालली. बंडेप्पा तिच्या मागं मागं अंगणभर फिरायचा आणि ती पडली की टाळ्या वाजवायच्या नाहीत हे त्याला नागव्वानं चार वेळा सांगितलं.

सुमतीबाई दर काही महिन्यांनी यायची. निलम्माला ठोकळे द्यायची, चेंडू लपवायची, डोक्याचा घेर मोजायची. तिच्या प्राध्यापकांना आधी हे सगळं जरा जास्तीचं वाटलं होतं. आता त्यांनीच तिला आणखी गावं बघायला सांगितली. त्यात नागव्वाची अशी मदत झाली की कुणी कल्पना केली नसती. परक्या डॉक्टरणीला म्हाताऱ्या बायका मागच्या खोलीतलं माणूस दाखवत नसत. नागव्वा बाईबरोबर बसमध्ये बसून जायची, ओसरीवर टेकायची, पाणी मागायची आणि म्हणायची, “माझी एक बहीण होती, यल्लम्मा.” मग समोरची बाई हळूहळू बोलायला लागायची. अशी आणखी तीन घरं सापडली. एका घरात जन्मून महिना झालेलं बाळ होतं. त्या बाळाला गोळी सुरू झाली त्या दिवशी परत येताना नागव्वा बसमध्ये खिडकीला डोकं टेकवून शांत झोपली. पुढं भागम्मा आपल्या धाकट्या लेकासाठी त्याच्या आत्याच्या घरातली पोरगी बघायला निघाली, तेव्हा नागव्वानंच लेकीला थांबवलं. “बाहेरची पोरगी बघ. नातं कुठं पळून जायलाय का?”

निलम्मा साडेपाच वर्षांची झाली आणि हुलसूरच्या मराठी शाळेत पहिलीत बसली. बंडेप्पा आता नऊ वर्षांचा होता. उंचीनं वाढला होता, गळा सपाट झाला होता. शाळेचं त्याला जमलं नाही. बोलायचा, पण थोडं, सावकाश. तो बापाबरोबर दुकानात बसायचा, पुड्या बांधायचा, आणि दुपारच्या सुट्टीत बहिणीचा डबा शाळेत नेऊन द्यायचा. हे काम त्याचं त्यानं ठरवून घेतलं होतं.

थंडीच्या दिवसांत मुकुंदराव मास्तरांनी महानंदाला शाळेत बोलावणं पाठवलं.

सहा वर्षं ती याच बोलावण्याची वाट बघत होती असं तिला वाटलं. पोरीला कळत नसेल. अक्षरं लागत नसतील. बाहेरून सगळं ठीक दिसतं, पण आत काही राहून गेलंच असेल. ती पदर सावरत, घाईघाईनं शाळेत पोचली. मास्तर टेबलाशी बसले होते, चष्मा कपाळावर. कोपऱ्यात निलम्मा उभी होती, हातात दुभंगलेली पाटी.

“बसा,” मास्तर म्हणाले. “तुमच्या मुलीचं मला जरा बोलायचं आहे.”

“मास्तर,” महानंदाला धीर धरवेना, “डोक्याचं काही हाय का?”

“डोक्याचंच आहे. फुटलं नाही म्हणून बरं. पण खोक पडलीय.”

“कुणाला खोक?”

“अहो, त्या पोराला! हिनं पाटी घातली त्याच्या डोक्यात.”

महानंदाला काही उलगडेना. “मी पोरीच्या डोक्याचं विचारायलेय. तिला समजतं का शिकवलेलं?”

मास्तरांनी चष्मा खाली घेतला आणि तिच्याकडं नीट पाहिलं. “समजतं का? अहो, पहिलीची पुस्तकं हिनं कधीच संपवली. दुसरीच्या पोरांचे पाढे म्हणते. समजण्याचा काही प्रश्नच नाही. प्रश्न हाताचा आहे. मी विचारलं कामून मारलंस, तर तासभर मलाच समजावून सांगितलं तिनं, मराठीत, आणि मी ऐकेना तर कानडीत.”

“त्यानं अण्णाला येडा म्हणलं,” निलम्मा कोपऱ्यातून म्हणाली. “डबा द्यायला आला होता अण्णा. त्याच्यासारखं चालून दाखवलं ह्यानं, सगळ्यांपुढं. मी आधी सांगितलं होतं, पुन्हा म्हणू नको. दोनदा सांगितलं.”

महानंदानं तोंडावर पदर धरला. मास्तरांना वाटलं ती रडते आहे. ती रडतच होती, पण खांदे हसल्यानं हलत होते, आणि ते थांबवायचा तिनं केलेला प्रयत्न साफ फसला. शेवटी ती खुर्चीत मागं टेकली आणि मोकळेपणानं हसली. मास्तर आधी बघत राहिले, मग त्यांच्याही मिशांखाली काहीतरी हललं.

“हे हसण्यावारी नेऊ नका,” ते म्हणाले.

“न्हाई मास्तर. रागवते. घरी नेऊन चांगलं रागवते.” तिनं डोळे पुसले. “त्या लेकराच्या आईला जाऊन भेटते मी. चूक झाली आमच्या पोरीची. त्याचं रक्त थांबलंय न्हवं?”

“थांबलंय, थांबलंय. हळद लावलीय.”

वाटेत तिनं निलम्माला रागावायला सुरुवात केली, मारायचं नसतं, मास्तरांना सांगायचं असतं. निलम्मानं ऐकून घेतलं आणि विचारलं, मास्तर वर्गात नसले तर मग कुणाला सांगायचं? बाजारातून जाताना महानंदानं माणिकप्पाला दुकानाच्या बाहेरूनच खाकरून सांगितलं, नवी पाटी आणा.

घरी नागव्वा दारात वाट बघत उभी होती. चेहरा ओढलेला, हात उंबऱ्याच्या चौकटीवर. “काय म्हणाला मास्तर? सांग लवकर. पोरीत काही खोट हाय का?”

“हाय,” महानंदा म्हणाली. “लई भांडखोर हाय.”

नागव्वा तिच्याकडं बघत राहिली, मग निलम्माकडं, मग दुभंगलेल्या पाटीकडं. तिनं चौकटीवरचा हात काढला आणि मोठा श्वास सोडला.

“कुणाचं पोरगं होतं?” तिनं निलम्माला विचारलं. “ये, आत बस. आधी खा, मग सगळं सांग.”